गाठीचा रक्तपुरवठा आणि त्यावरची औषधे

कॅन्सरच्या गाठीलाही जगायला प्राणवायू आणि साखर लागते, आणि दोन्ही रक्तातूनच मिळतात. रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटर अंतरापर्यंतच प्राणवायू झिरपत पोहोचतो. म्हणून स्वतःच्या रक्तवाहिन्या नसलेली गाठ मोहरीच्या दाण्याएवढी, म्हणजे एक-दोन मिलिमीटरची झाली की थबकते. पुढे वाढायचे तर शेजारच्या रक्तवाहिनीला फाटा फोडून तो आपल्याकडे वळवावा लागतो. बोस्टनच्या बालरुग्णालयातील शल्यचिकित्सक जुडाह फोकमन यांनी १९७१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ही मांडणी केली आणि तिच्यातूनच उपचाराची दिशाही सुचवली: गाठीवर थेट हल्ला करण्याऐवजी तिची रसद तोडावी. पुढची काही वर्षे त्यांच्या म्हणण्याकडे बहुतेकांनी दुर्लक्षच केले.

फाटा फुटतो तो एका प्रथिनामुळे. प्राणवायू कमी पडला की गाठीतल्या पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात. ते जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटते आणि तिथून नवी वाहिनी फुटू लागते. १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांना रक्तवाहिन्या गळक्या करणारा एक घटक सापडला होता. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन वेगळे काढले. पुढे दोन्ही एकच निघाले. वाढवणारा आणि गळती करणारा घटक एकच असणे, ही या विषयातली कळीची गोष्ट आहे. शिवाय हे प्रथिन केवळ गाठीचे नाही. जखम भरताना, मासिक पाळीत, गर्भ वाढताना आणि मूत्रपिंडाच्या रोजच्या कामातही शरीराला ते लागते. हे प्रथिन रोखणाऱ्या औषधांचे बहुतेक दुष्परिणाम त्यातूनच येतात.

कऱ्हाड–विटा रस्त्यावरच्या कडेगाव तालुक्यात टेंभू उपसा योजनेचे पाणी फिरले, तसे उसाला ठिबकही आले. ठिबकचा संच चालवणाऱ्याला गाठीतले रक्ताभिसरण समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. लॅटरल, म्हणजे ओळीतली ठिबकची नळी, मध्येच फुटली की तिथे चिखल होतो, दाब पडतो आणि ओळीच्या टोकाचा ऊस वाळतो. गाठीत तसेच घडते. घाईने फुटलेल्या तिच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे बंद आणि बहुतेक ठिकाणी गळक्या असतात. पाझरलेल्या पाण्याने गाठीच्या आत दाब वाढतो. मधल्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि सलाईनमधून दिलेली किमोही तिथवर पोहोचत नाही. प्राणवायू नसलेल्या पेशींवर रेडिएशनचा, म्हणजे बोलीभाषेतल्या शेकाचा, परिणामही कमी होतो.

आयआयटी कानपूरमधून केमिकल इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेलेले राकेश जैन यांनी २००१ मध्ये या गोंधळाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. व्हीईजीएफ रोखणारे औषध बेताने दिले, तर आधी वाहिन्या नष्ट होत नाहीत, त्या सुधारतात. गळती थांबते, दाब उतरतो आणि काही काळ किमो आतपर्यंत पोहोचते. मात्रा फार झाली तर सगळ्याच वाहिन्या आक्रसतात आणि प्राणवायूविना राहिलेल्या पेशी अधिक आक्रमक होऊ शकतात. रसद तोडली की गाठ उपाशी मरते, हे चित्र लोकप्रिय असले तरी अर्धेच खरे आहे. मे १९९८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर फोकमन यांच्या उंदरांवरील प्रयोगांची बातमी झळकली, तेव्हा कॅन्सर आता संपलाच असे अनेकांना वाटले. त्या बातमीतल्या दोन औषधांना माणसांत तसे यश आले नाही. या गटातली औषधे बहुधा किमोच्या किंवा दुसऱ्या औषधाच्या जोडीने आणि ठरलेल्या अंतराने का देतात, हे यावरून लक्षात येईल. औषधाच्या दोन पाळ्यांमधले अंतर घरच्या घरी वाढवू नये, कमीही करू नये.

दवाखान्यात 'टार्गेटेड' म्हणून ज्या औषधांचा उल्लेख होतो त्यांचे ढोबळ दोन गट आहेत, आणि ते नावाच्या शेपटीवरून ओळखता येतात. 'मॅब'ने संपणारी औषधे, उदाहरणार्थ बेव्हासिझुमॅब किंवा ट्रास्टुझुमॅब, ही प्रतिपिंडे असतात आणि सलाईनमधून किंवा इंजेक्शनने दिली जातात. 'निब'ने संपणारी, उदाहरणार्थ सोराफेनिब, सुनिटिनिब, जेफिटिनिब, ही रोज घ्यायच्या गोळ्या-कॅप्सूल असतात. यांतल्या काहींचा नेम रक्तवाहिनीवर असतो, काहींचा कॅन्सरच्या पेशीवरच्या एखाद्या खुणेवर, तर काहींचा दोन्हींवर. पेशीवरची खूण हेच लक्ष्य असेल तर ती खूण त्या रुग्णाच्या गाठीत आहे का, हे आधी तपासावे लागते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर आणि एएलके, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये रास या नेहमीच्या तपासण्या आहेत. खूण नसताना त्या खुणेवरचे औषध घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. रासचे उलटे आहे: रासमध्ये बदल सापडला तर आतड्याच्या कॅन्सरवरची काही औषधे चालत नाहीत, नुकसानही होऊ शकते.

ही तपासणी बायोप्सीच्या तुकड्यावर होते. गाठ टोचली की कॅन्सर पसरतो, ही समजूत खेड्यांत अजून घट्ट आहे आणि तिच्यापायी महिनेच्या महिने वाया जातात. शास्त्रशुद्ध बायोप्सीने असे पसरण्याची शक्यता फारच थोडी असते, आणि तिच्यावाचून नेमके औषध ठरतच नाही. बायोप्सी झाल्यावर कागदी रिपोर्टवर समाधान मानू नये. मेणात बसवलेला तुकडा, ज्याला प्रयोगशाळेत 'ब्लॉक' म्हणतात, आणि काचपट्ट्या म्हणजे 'स्लाइड' मागून घ्याव्यात. मिरजेत बायोप्सी झाली आणि पुढचा उपचार मुंबईत ठरला, तर हाच ब्लॉक नेऊन पुढच्या तपासण्या होऊ शकतात. पुन्हा टोचावे लागत नाही. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नये, मेण वितळते.

नेमकी खूण सापडली की काय फरक पडतो, याचे उत्तर मुंबईतच मिळालेले आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ईजीएफआर बदल असलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३५० रुग्णांवर चाचणी झाली. नुसत्या जेफिटिनिबवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला; जेफिटिनिबला किमोची जोड दिल्यावर १६ महिने. किमोचे दुष्परिणाम मात्र वाढले. गोळी असताना किमो कशाला, असा प्रश्न घरचे हमखास विचारतात. त्याला हे आकडे उत्तर देतात.

रक्तवाहिन्यांवरच्या औषधांचे दुखणे असे की त्यांच्यासाठी अशी भरवशाची खूण अजून हाती लागलेली नाही. बेव्हासिझुमॅब कोणाला लागू पडेल, हे आधी सांगणारी मान्यताप्राप्त तपासणी नाही. त्यामुळे सरासरी फायदा किती, हाच आकडा निर्णयाला उपयोगी पडतो. अमेरिकेने फेब्रुवारी २००४ मध्ये पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठी बेव्हासिझुमॅब मान्य केले. किमोसोबत दिल्यावर मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो काळ) १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले होते. स्तनाच्या कॅन्सरसाठी २००८ मध्ये दिलेली मान्यता तिथल्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये मागे घेतली, कारण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही आणि धोके दिसले. ग्रामीण भागातल्या बायकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा आहे. पसरलेल्या किंवा उलटलेल्या आजारात किमोसोबत हे औषध दिल्यावर मध्यम आयुर्मान सुमारे १३ महिन्यांवरून १७ महिन्यांवर गेले. पण योनी आणि आतडे किंवा मूत्राशय यांच्यात छिद्र पडण्याचा धोका वाढला. आधी शेक झालेल्या बाईने तो विशेष विचारून घ्यावा. (याच कॅन्सरसाठी त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चार महिने वाढवणाऱ्या सलाईनपेक्षा ती तपासणी कितीतरी स्वस्त पडते.)

यकृताच्या कॅन्सरवरची सोराफेनिब ही गोळी रक्तवाहिन्या आणि पेशी, दोन्हींवर काम करते. तिच्या किमतीचा निकाल मुंबईत लागला. बायर कंपनी महिन्याच्या १२० गोळ्यांना सुमारे २ लाख ८० हजार रुपये घेत होती. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबई कार्यालयातून हैदराबादच्या नॅटको कंपनीला ती बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला. किंमत ८,८८० रुपये ठरली. देशातला असा हा पहिलाच परवाना. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. किंमत उतरली तरी फायद्याचा प्रश्न उरतोच: मूळ चाचणीत मध्यम आयुर्मान ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेले होते. २०२० पासून यकृताच्या कॅन्सरमध्ये बेव्हासिझुमॅब आणि अटेझोलिझुमॅब यांची जोडी सोराफेनिबपेक्षा सरस ठरली आहे, पण ती महाग आहे आणि सुरू करण्याआधी दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा तपासाव्या लागतात. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होऊन जीव जाऊ शकतो. ही तपासणी टाळून औषध घेऊ नये.

महाग औषध म्हणजे भारी औषध, हा समज मोडणारे सगळ्यात चांगले काम तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवर झाले आहे. मिश्री, तंबाखू आणि बंदी असूनही मिळणारा गुटखा यांच्या मुलखात हाच कॅन्सर घरोघरच्या चर्चेतला आहे. किमोची मोठी मात्रा तीन आठवड्यांतून एकदा देण्याऐवजी छोटी मात्रा सारखी दिली, तर गाठीच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सावरायला उसंत मिळत नाही, हे २००० साली फोकमन यांच्या प्रयोगशाळेसह दोन ठिकाणी प्राण्यांत दिसले. या पद्धतीला ठेका धरणाऱ्या मेट्रोनोम या वाद्य-यंत्रावरून 'मेट्रोनॉमिक' म्हणतात. भजनात टाळ जसा अखंड चालतो तसे. टाटा मेमोरियलने शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या ४२२ रुग्णांत मेथोट्रेक्झेट आणि सेलेकॉक्झिब या दोन जुन्या, स्वस्त गोळ्यांची तुलना सलाईनमधल्या सिस्प्लॅटिनशी केली. २०२० मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ७.५ महिने आणि सलाईनवाल्यांचे ६.१ महिने होते. गोळ्यांचे त्रासही कमी होते. पुढे त्यात एर्लोटिनिबची भर घालून, वर निव्होलुमॅब या महागड्या औषधाची नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम मात्रा तीन आठवड्यांतून एकदा दिली, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. त्यामुळे मोठा खर्च झेपत नाही म्हणून उपचारच सोडून देण्याआधी या पर्यायाबद्दल डॉक्टरांना नाव घेऊन विचारावे.

या गोळ्यांत एक जीवघेणी चूक मात्र होते. मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची गोळी समजून ती सलग काही दिवस घेतली तर तोंड सोलते, रक्तपेशी घटतात आणि मृत्यू येऊ शकतो. आठवड्याचा वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि गोळी देण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे ठेवावे. पाठदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी तिच्यासोबत घेऊ नये.

उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून काही गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात, आणि त्या घरातल्या दोघांनी मिळून ऐकाव्यात, कारण एकट्याला निम्मे आठवते. औषधाने आजार जाणार आहे की लांबणार आहे? लांबणार असेल तर अशा रुग्णांत साधारण किती? तपासणीत खूण निघाली का, की हे खुणेविना चालणारे औषध आहे? किती पाळ्यांनंतर स्कॅन होणार आणि काय दिसल्यावर औषध थांबवणार? हेच औषध दुसऱ्या कंपनीचे स्वस्तात मिळते का? शेवटच्या प्रश्नाचा संकोच करू नये. बेव्हासिझुमॅबच्या भारतीय कंपन्यांनी बनवलेल्या जैवसमरूप आवृत्त्या मिळतात, आणि २०१९ मध्ये ४२ कॅन्सरच्या औषधांवरचा विक्रेत्यांचा नफा ३० टक्क्यांवर बांधला गेला. तरीही एकाच औषधाच्या दोन ब्रँडच्या किमतींत मोठी तफावत असते.

कडेगावच्या रुग्णाला कॅन्सरच्या उपचारासाठी कऱ्हाड, मिरज-सांगली आणि कोल्हापूर हे जवळचे रस्ते आहेत, पुणे-मुंबई त्यानंतर. निदान आणि उपचाराचा आराखडा मोठ्या केंद्रात करून घ्यावा आणि पाळ्या जवळ घ्याव्यात, ही विभागणी बहुतेकांना परवडते. सलाईनसाठी दर तीन आठवड्यांनी परळ गाठण्यात रुग्ण औषधापेक्षा प्रवासानेच जास्त थकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या निर्णयानंतर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार कार्ड दाखवून, ठरलेले नेमके औषध योजनेत बसते का, हे आधी पाहावे. मंजुरी आधी घ्यावी लागते. खिशातून भरलेले पैसे नंतर परत मिळतील या भरवशावर राहू नये. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे. मुंबईला जावेच लागले तर कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीत तिकीट माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षे आधार आहे, पण तिथे जागेसाठी थांबावे लागते.

औषध बाहेरून आणायला सांगितले तर जास्त काळजी लागते. 'मॅब' औषधे २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असतात आणि गोठलेली चालत नाहीत. एसटीत मांडीवर पिशवी ठेवून आणलेली कुपी निकामी झाली तरी वरून ते कळत नाही. विक्रेत्याकडून थर्माकोलच्या डब्यात जेल पॅकसह घ्यावी, कुपी बर्फाला थेट टेकू देऊ नये, आणि घरच्या फ्रिजमध्ये ठेवावीच लागली तर फ्रीजरच्या खणात किंवा दारात नव्हे, मधल्या कप्प्यात ठेवावी. पक्के बिल घ्यावे आणि बिलावरचा बॅच क्रमांक कुपीशी जुळवावा. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी महागड्या कॅन्सर औषधांच्या रिकाम्या कुप्या भरून विकणारी टोळी पकडली होती. म्हणून सलाईन संपल्यावर रिकामी कुपी समोर निकामी करून घ्यावी. विकत मागणाऱ्याला देऊ नये.

उपचार सुरू झाल्यावर घरातले सगळ्यात उपयोगी यंत्र म्हणजे रक्तदाब मोजायचे. व्हीईजीएफ रोखले की रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढते, बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच. त्या काळात आठवड्यातून किमान एकदा, शक्य तर रोज मोजून वहीत लिहावे. घरी यंत्र नसेल तर आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात मोजून मिळते. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० ओलांडू लागला तर डॉक्टरांना कळवावे. बीपीच्या गोळ्यांनी तो बहुतेक वेळा आटोक्यात येतो. खूप चढलेल्या बीपीसोबत डोके ठणकणे, नजर धूसर होणे किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. लघवीला टिकणारा फेस येणे, पायावर सूज दिसणे, ही मूत्रपिंडातून प्रथिने गळत असल्याची खूण असू शकते. नाकातून थोडे रक्त येणे नेहमीचे. खोकल्यातून किंवा शौचातून आलेले रक्त, अचानक उठलेली पोटातली तीव्र कळ, एकाच पायाची सूज, छातीत दुखणे आणि दम लागणे मात्र तातडीचे. पोटाची कळ ओवा-सोड्यावर काढू नये. आतड्याला छिद्र पडल्याची शक्यता असते.

जखमा उशिरा भरतात. ठरवून करायची शस्त्रक्रिया आणि बेव्हासिझुमॅब यांच्यात आधी आणि नंतर किमान २८ दिवसांचे अंतर ठेवतात. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला औषधाचे नाव सांगावे. शक्य तर उपचार सुरू होण्याआधीच किडके दात उरकून घ्यावेत. या काळात कोयत्याची कामे दुसऱ्याकडे सोपवावीत. सोराफेनिब, सुनिटिनिबसारख्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. अनवाणी चालणे, कडक चप्पल, गरम पाण्याची आंघोळ टाळावी आणि पहिल्या दिवसापासून साधे मलम लावावे. त्रास सुरू झाल्यावर लगेच सांगितले तर मात्रा कमी करून औषध चालू ठेवता येते. लपवले तर बंदच करावे लागते.

सोराफेनिब जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावी, तुपातेलाच्या जेवणाने तिचे शोषण घटते. पॅझोपॅनिब, जेफिटिनिब, एर्लोटिनिब या गोळ्यांसोबत पित्ताची पँटोप्राझोलसारखी गोळी घेतली तर औषध कमी शोषले जाते; ही गोळी लोक न विचारता घेतात, म्हणून मुद्दाम सांगायला हवे. काही औषधांच्या कागदावर 'ग्रेपफ्रूट टाळा' असे असते. ते तासगावचे द्राक्ष नव्हे. पपनसाच्या जातीचे फळ आहे, आणि पपनसही टाळावे. काढे, भस्मे चालू असतील तर ती डॉक्टरांपासून लपवू नयेत. या सर्व औषधांनी गर्भाला धोका असल्याने जोडप्याने उपचार चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितका काळ नंतरही गर्भधारणा टाळावी.

दोन-तीन महिन्यांनी होणाऱ्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली तर त्याचा अर्थ बहुधा असा असतो की एक वाट बंद झाल्यावर गाठीने रक्त आणण्याची दुसरी वाट शोधली आहे. अशा वेळी तेच औषध जास्त घेण्याने उपयोग होत नाही. दुसरे औषध, चाचणीत सहभाग किंवा केवळ वेदनाशमन, असे पर्याय पुढे येतात. दुखण्यासाठी मॉर्फिनची गोळी मिळते आणि नेमून दिलेल्या मात्रेत ती दीर्घकाळ घेता येते. कर्ज काढून आणखी एक पाळी घ्यायची की नाही, हे ठरवताना रुग्णाला काय हवे आहे, हे त्यालाच विचारावे. बहुतेक घरांत हा प्रश्न सगळ्यांत शेवटी आणि दबक्या आवाजात निघतो. पहिल्या पाळीपासून सगळे रिपोर्ट, स्कॅनच्या सीडी, ब्लॉकचा क्रमांक, बीपीची वही आणि औषधांची बिले तारखेप्रमाणे एका फाईलीत लावलेली असतील, तर कऱ्हाडचा डॉक्टर असो की परळचा, त्याला पुढचा निर्णय त्याच दिवशी देता येतो.